मोठ्या मनाचा माणूस

“तुम्हाला काही करायचं नाही, बाई. फक्त बघायचं आणि ऐकायचं,” इन्स्पेक्टर म्हणाले. “मध्ये बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. जे दिसेल, जे कानावर पडेल, तेवढंच नंतर सांगायचं. जमेल ना?”

मी हो म्हणाले. मग टेबलाच्या पलीकडे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या बाईकडे माझं लक्ष गेलं. त्या रत्नाताई आंदुरे होत्या. आमच्या वाघोटीच्या जुन्या मंडईत त्यांचं बांगड्यांचं दुकान. माझ्या लग्नातला हिरवा चुडा त्यांनीच भरला होता. त्यांनीही मला ओळखलं, पण ओळख दाखवावी की नाही हे त्यांना कळेना. त्या नुसत्याच पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी सामाजिक वनीकरणाच्या ऑफिसात कारकून होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं वाघोटीहून निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. त्या दिवशी ऑफिसात पाय ठेवला तोच साहेबांनी बोलावलं. “घोलपबाई, लाचलुचपतवाल्यांना दोन पंच हवेत. सापळा लावताना साक्षीला सरकारी माणसंच लागतात. तुम्ही आणि गवळी जाऊन या.” चहा आणायला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि आम्हीही तसेच निघालो. कुठल्या तरी लांबच्या गावचं प्रकरण असेल, जेवायच्या सुट्टीपर्यंत मोकळे होऊ, असं मला वाटत होतं.

“कुणाला पकडायचंय?” मी विचारलं.

“वाघोटी नगरपालिका. बाजार विभागाचे हिंगमिरे.”

हिंगमिरेअप्पा! मी गवळ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, त्यांना या नावाचं काहीच नव्हतं. वाघोटीत मात्र अप्पांना ओळखत नाही असं माणूस सापडलं नसतं. कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडीच्या सामानापासून सगळं अप्पा बघायचे. कुणाच्या पोराला हॉस्टेल मिळत नसेल तर अप्पा फोन करायचे. माझ्या सासऱ्यांना झटका आला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. अप्पांनीच कुठून तरी गाडी मिळवली, सोबत गेले आणि दवाखान्याच्या बाकावर बसून रात्र काढली. सासरे वाचले नाहीत. पण सासूबाई अजून अप्पांचं नाव निघालं की हात जोडायच्या. अप्पा पैसे घेतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर आमच्या गावाचं एक ठरलेलं वाक्य होतं, “घेतो, पण काम करतो.”

“साहेब, मी वाघोटीचीच आहे,” मी म्हणाले. “आमच्या घरच्यांची त्यांची चांगली ओळख आहे.”

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला तोंडावरून ओळखतात?”

“मला नाही. मी दिवसभर गावात नसतेच.”

त्यांनी पेन पुन्हा उचललं. “बाईमाणसासोबत परका पुरुष गेला तर तो सावध होईल. तुम्हीच लागाल. नको असेल तर तसं सांगा, जबरदस्ती नाही. पण आता दुसरी बाई शोधायची म्हणजे आजचा दिवस गेला.” मग रत्नाताईंकडे बोट करून म्हणाले, “आणि ह्या उद्या परत येतील याचा मला भरवसा नाही.”

रत्नाताईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मंदा, तू चल गं. मला लई भ्या वाटतंय.”

मी गेले.

प्रकरण साधं होतं. जुनी मंडई पाडून नगरपालिकेनं नवे गाळे बांधले होते. जुन्या दुकानदारांना पहिला हक्क, असा ठराव झाला होता. रत्नाताईंच्या सासऱ्यांपासूनचं दुकान, त्यांचा गाळा पक्का होता. पण अप्पा चावी देईनात. “वरपर्यंत द्यावं लागतं” असं म्हणत होते. बाकी सगळ्यांनी दिलं आणि शटरला हळदकुंकू लावून दुकानं थाटली. रत्नाताई सहा महिने रस्त्यावर पाल टाकून बसल्या. “द्यायला मी नाही म्हणत नव्हते,” जीपमध्ये त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “पर एक दिवस ट्रकचा धक्का लागला आन् सगळा माल फुटला. काचा गोळा करता करता मला असा राग आला बघ मंदा, की तशीच उठून एसटीत बसले.”

नोटांना पावडर लावली होती. ती डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लागली की सोड्याच्या पाण्यात गुलाबी रंग सुटतो, हे इन्स्पेक्टरांनी निघण्याआधी आम्हाला करून दाखवलं होतं. सगळ्या वाटेत रत्नाताई पिशवीकडे असं बघत होत्या, जणू आत विंचू आहे. अप्पांनी मागूच नये, ‘ताई, तुमची चावी घेऊन जा’ म्हणावं, असं मला सारखं वाटत होतं.

दुपारची वेळ. नगरपालिकेत जेवून आलेली माणसं सुस्तावली होती. अप्पा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. पांढरा शर्ट, कपाळाला भस्माची तीन बोटं. आम्हाला बघताच अर्धवट उठले.

“या ताई, या. ह्या कोण?”

“माझी जाऊ,” रत्नाताई म्हणाल्या. तिथं येईपर्यंत घोकलेलं एवढंच वाक्य त्यांच्याकडे होतं.

“बसा की. उन्हाचं आलात, चहा सांगू का?” अप्पांनी खुर्च्या पुढे ओढल्या. “पोरीचं काय म्हणतंय? दहावीला ना यंदा? अभ्यास करती का नुसती बांगड्या भरती?”

“करती,” रत्नाताई म्हणाल्या.

“हां. शिकवा तिला. तुमच्यासारखं रस्त्यावर नको.” ते हळहळूनच बोलले, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग आवाज न बदलता म्हणाले, “ठरलेलं आणलंय ना?”

“आणलंय. पर अप्पा, थोडं कमी नाही का हुयाचं?”

“ताई, माझ्या हातात असतं तर तुमच्याकडनं घेतलं असतं का मी? वरपर्यंत द्यावं लागतं. द्या इकडं, आणि आजच चावी घेऊन जा. मी सही करूनच ठेवलीय.”

रत्नाताईंनी पिशवीतून नोटा काढल्या. अप्पांनी त्या घेतल्या आणि न मोजता खिशात घातल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यातली एक परत काढली आणि रत्नाताईंच्या हातावर ठेवली. “ही पोरीला. खाऊला म्हणून द्या. अप्पामामानं दिली म्हणा.”

रत्नाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर थांबलेल्या पोलिसांना खूण म्हणून डोक्यावरून पदर घ्यायचा होता. त्यांचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. क्षणभर मला वाटलं, ह्या आता खूण करणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? मला तर बघायचं आणि ऐकायचंच होतं. शेवटी त्यांनी पदर घेतला.

पुढचं सगळं फार भराभरा झालं. माणसं आत घुसली, कुणीतरी अप्पांची मनगटं धरली. काचेच्या भांड्यातल्या पाण्यात त्यांची बोटं बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. अप्पा त्या पाण्याकडे बघत होते, ते दुसऱ्याच कुणाचे हात असावेत तसे. मग त्यांनी मान वर केली. रागावले नव्हते, गोंधळले होते. “ताई, हे काय केलंत?” ते म्हणाले. “मला सांगायचं होतं ना, मी सोडून दिलं असतं.”

घरी पोचले तोवर गावभर झालं होतं. माझे यजमान दिनकर यांचं नगरपालिकेसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. ते दुकान बंद करून ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

“तू होतीस तिथं?”

“मला कुठं माहीत होतं कुणाला पकडायचंय ते...”

“माहीत झाल्यावर तरी यायचं नव्हतं! पोट दुखतंय म्हणायचं, चक्कर येतीय म्हणायचं!” ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. मग खाली बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, “आपल्या गाळ्याचं त्यांच्याकडंच होतं, मंदा.”

“कसला गाळा?”

“नवीन मंडईत कोपऱ्याचा एक शिल्लक होता. मी दिलेत त्यांना. दोन महिने झाले.”

मी तशीच पायरीवर बसले. नवीन मंडईत आमचा काही हक्क नव्हता. आमचं जुनं दुकानच तिथं नव्हतं. म्हणजे जो गाळा आम्हाला मिळणार होता तो कुणाचा तरी होता. “मला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“तू असं बघशील म्हणून,” ते म्हणाले.

सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “ज्यानं तुझ्या सासऱ्याला शेवटचं पाणी पाजलं, त्याच्यावर तू साक्ष देणार?” त्या एवढंच म्हणाल्या आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

अप्पा जामिनावर सुटून आले. निलंबित झाले, पण रोज पांढरा शर्ट घालून चौकात येऊन बसायचे आणि लोकांची कामं करायचे. आता तर दिवसभर रिकामेच होते. रत्नाताईंना चावी मिळाली. कायद्यानं ती द्यावीच लागली. त्यांनी गाळा थाटला, काचेची कपाटं लावली, आणि गिऱ्हाईक यायचं बंद झालं.

कुणी त्यांना शिवी दिली नाही, दगड मारला नाही. बायका नुसत्या समोरून निघून जायच्या. संक्रांतीला, नागपंचमीला, लग्नसराईत, जिथं हात पुढे करून रांग लागायची तिथं रत्नाताई एकट्या कपाटाच्या काचा पुसत बसायच्या. मी एकदा मुद्दाम गेले. हात पुढे केला. त्यांनी बांगडी चढवता चढवता दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तू येत जाऊ नकोस, मंदा. आपण दोघी एका जागी दिसलो की लोक बोलत्यात.”

“काय बोलतात?”

“म्हणत्यात, एका देवमाणसाला धुळीला मिळवलं. म्हणत्यात, आमी दिलं तेव्हा आमी काय येडे होतो?” त्यांनी माझं मनगट सोडलं. “ते दुसरं खरं आहे बघ. त्याचाच राग आहे सगळ्यांना.”

मलाही कुणी वाईट बोललं नाही. उलट फार प्रेमानं बोलायचे. “वहिनी, तुम्ही काय सरकारी नोकर, तुमचा काय दोष. फक्त कोर्टात आठवत नाही म्हणा. इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं?” डॉक्टरांनी सांगितलं, पोराच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं सांगितलं. खटला वर्षानुवर्षं लांबत गेला आणि दर तारखेच्या आधी मला झोप लागेनाशी झाली. आठवत नसतं तर बरं झालं असतं. पण मला ‘खाऊला म्हणून द्या’ म्हणतानाचा त्यांचा चेहरासुद्धा आठवत होता.

साक्षीची तारीख लागली त्याच्या आदल्या आठवड्यात अप्पा स्वतः झेरॉक्सच्या दुकानात आले. मी रविवारची सुट्टी म्हणून गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि बोलले मात्र दिनकरांशी.

“दिनकर, वहिनींना सांग, मनाला लावून घेऊ नका. आठवत नाही म्हटलं की झालं. माझं जाऊ दे, माझं काय राहिलंय आता. पण उद्या वकील उलटसुलट विचारायला लागला, कुणी कुणी काय काय दिलं ते निघालं, तर आपल्याच माणसांना त्रास. घेणाऱ्यासारखा देणाराही गुन्हेगार असतो म्हणे. मी तुझं नाव कुठं काढलंय का? काढणारही नाही. माझा स्वभाव नाही तो.”

ते गेल्यावर दिनकर बराच वेळ मशीनचं झाकण उघडझाप करत राहिले. “ऐकलंस ना?” ते म्हणाले. मी ऐकलं होतं. ऐकायचं कामच माझ्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, मी ऑफिसातून परतले तेव्हा शैलजावहिनी आमच्या ओसरीवर बसलेल्या होत्या. अप्पांची बायको. मी त्यांना देवळात लांबून बघितलेलं. उंच, अबोल बाई, कायम पदर दोन्ही खांद्यांवरून. सासूबाई त्यांच्यासाठी चहा करायला आत गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, आता ही पाया पडणार. मी पाय आत ओढून घेतले.

“मी विनवण्या करायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “एक विचारायचंय. तुम्ही तिथं होतात म्हणून.”

“विचारा.”

“ते मला सांगतात, त्या बाईनं पैसे जबरदस्तीनं खिशात कोंबले. मुलगा तेच म्हणतो. वकील तेच म्हणतात. इतकी वर्षं मी घरात तेच ऐकते. त्यांनी मागितले होते का?”

कोर्टात सांगणं वेगळं होतं. तिथं उभं राहून भिंतीकडे बघून सांगता आलं असतं. ही बाई माझ्या डोळ्यांत बघत होती.

“हो,” मी म्हणाले. “मागितले.”

त्यांनी पदर मुठीत धरला. मग म्हणाल्या, “त्यातली एक नोट परत दिली असेल.”

मी चमकले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण हात पदर चुरगाळत होते. “आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी शेत गहाण टाकून हुंडा दिला. सगळ्या मांडवादेखत ह्यांनी तो घेतला, आणि त्यातली एक नोट काढून माझ्या धाकट्या भावाच्या हातावर ठेवली. खाऊला म्हणून. सगळा मांडव म्हणाला, काय मोठ्या मनाचा जावई मिळाला. माझे वडीलसुद्धा रडले. मीसुद्धा रडले होते, आनंदानं.”

सासूबाई चहा घेऊन आल्या. शैलजावहिनींनी तो उभ्यानंच, गरम असतानाच संपवला आणि निघून गेल्या. “काय म्हणाली गं?” सासूबाईंनी विचारलं. मी काही नाही म्हणाले.

कोर्टात अर्धी वाघोटी आली होती. आधी रत्नाताईंना बोलावलं. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. त्या म्हणाल्या, अडचणीच्या वेळी हिंगमिरेसाहेबांकडून पैसे उसने घेतले होते, तेच परत करायला गेले होते. पोलिसांनी काय लिहून घेतलं ते आपल्याला वाचता येत नाही, असंही म्हणाल्या. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं आणि खूप उलटतपासणी घेतली. रत्नाताई प्रत्येक प्रश्नाला “उसने होते” म्हणत राहिल्या. पिंजऱ्यातून उतरताना माझ्यासमोरून गेल्या तेव्हा ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “पोरीचं लग्न जमवायचंय गं.”

मग मी. मी जे बघितलं आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. दिनकर मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. अप्पांचे वकील उठले, हसून म्हणाले, “बाई, माझ्या अशिलानं एक नोट परत केली, हे खरं ना?”

“हो.”

“मुलीच्या खाऊला म्हणून?”

“हो.”

“मग मला सांगा, लाच घेणारा माणूस कधी लाच परत देतो का? उसने दिलेले पैसे परत आले, त्यातले प्रेमानं पोरीला दिले. हे साधं माणुसकीचं वागणं नाही का?”

मागे लोक हसले. कुणीतरी “बरोबर” म्हणालं.

“देतो,” मी म्हणाले. “एवढीशी परत देतो. म्हणजे बाकीच्याचं कुणाला काही वाटत नाही.”

“हे तुमचं मत झालं,” वकील म्हणाले. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं की नाही, मला कळलं नाही. दिनकरांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. काढलं असतं तर त्यात अप्पाच अडकले असते. इतकी साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

संशयाचा फायदा देऊन अप्पा निर्दोष सुटले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वाघोटीत मिरवणूक निघाली. आज ते नगरसेवक आहेत. त्यांची पहिली सभा म्हणायची तर ती मिरवणूकच. पुढे हलगी, गुलाल, उघड्या जीपमध्ये हार घातलेले अप्पा. मला वाटलं, आमच्या दारावरून जाताना घोषणा देतील, निदान हलगी जोरात वाजवतील. मी दार लावून घेतलं नाही. दिनकर म्हणाले, “आत चल.” मी उंबऱ्यातच उभी राहिले.

जीप आमच्या घरासमोर थांबली. अप्पांनी हात वर केला, हलगी थांबली. ते खाली उतरले आणि गुलालानं माखलेले हात जोडून आमच्या पायरीपर्यंत आले.

“वहिनी,” ते म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, “तुम्ही तुमची नोकरी केलीत. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. मी तुम्हाला माफ केलं.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. समोरच्या गच्चीवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्यामागे सासूबाईंनी हात जोडले. “आणि दिनकर,” अप्पा म्हणाले, “तो कोपऱ्याचा गाळा अजून पडून आहे. बघू आपण त्याचं.” दिनकरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला बघवलं नाही. ते हसले होते.

“कशाबद्दल?” मी विचारलं.

अप्पांना वाटलं मी गाळ्याबद्दल विचारतेय. “अहो, तो रिकामाच...”

“मला माफ कशाबद्दल केलंत?”

टाळ्या विरल्या. अप्पांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्या चेहऱ्यावरून बाजूला गेले. गर्दीतून एक जण म्हणाला, “वहिनी, जाऊ द्या आता, चांगला दिवस आहे.” दुसऱ्यानं हलगीवाल्याला खूण केली. हलगीवाल्यानं काठी उचलली.

“थांब,” कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज होता.

जीपच्या मागे ओवाळणीचं ताट घेतलेल्या बायका होत्या. त्यांतून शैलजावहिनी पुढे आल्या. त्यांच्या कपाळावरही गुलाल होता. नवऱ्यापासून चार पावलांवर त्या थांबल्या.

“त्या विचारतायत ना,” त्या म्हणाल्या. “सांगा की त्यांना. कशाबद्दल?”

मी त्या माणसाला त्याचे हात गुलाबी पाण्यात असताना पाहिलं होतं. तेव्हाही तो इतका पांढराफटक पडला नव्हता. अप्पा काही बोलायला गेले, बायकोकडे बघितलं, आणि मग वळून जीपमध्ये चढले. “चला,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “वाजवा रे.”

हलगी वाजायला लागली. मिरवणूक हलली, आधी अडखळत, मग नेहमीसारखी. पुढच्या वळणावर पुन्हा घोषणा सुरू झाल्या. शैलजावहिनी हललेल्या नव्हत्या. लोक त्यांना वळसा घालून, नजर चुकवून पुढे जात होते. शेवटचा माणूस गेला आणि रस्त्यावर फक्त त्या आणि पायांखाली सांडलेला गुलाल राहिला.

“आत या,” मी म्हणाले.

“नको. जाते,” त्या म्हणाल्या. त्यांनी मिरवणूक गेली त्या बाजूला बघितलं. त्यांचं घर त्याच बाजूला होतं. मग दुसऱ्या बाजूला, एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. “जाते,” त्या पुन्हा म्हणाल्या, आणि ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.